माशांना बसलेली कवळी

दातांच्या दवाखान्यात दात असावेत यात नवल ते काय? पण या दवाखान्यात वरच्या जबड्याची एक अख्खी कवळी माशांच्या टाकीत होती. वाळूत पालथी पडलेली, गुलाबी टाळू वर केलेली, आणि तिच्यात एक जोडपं सुखाने नांदत होतं.

क्लाउनफिशचं जोडपं. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, चालण्यात ठुमका. मोठी ती थोरली, छोटा तो धाकटा. या जातीत बायको मोठी आणि नवरा लहान, बायको पुढे आणि नवरा मागे, शिवाय बायको चावरी. ताईला ही रीत मनापासून पसंत होती.

ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे, मागच्या खोलीत ताई दात घडवायची. मेण, प्लॅस्टर, चिमटे, गुलाबी भुकटी आणि घासायचं चाक, एवढा तिचा पसारा. चाक घरघरायला लागलं की त्या घरघरीवर ताई ओळी जुळवून गुणगुणायची. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, बाई काय गोड गाते! जवळ जाऊन ऐकलं तर ती कोणाची तरी खरडपट्टी असायची. ताई साऱ्या जगाला पाण्यात पाहायची. पेशंट म्हणजे तोंडाला वास येणारे रडे. भावजय म्हणजे पडद्याच्या रंगावर सोफा आणि सोफ्याच्या रंगावर नवरा निवडलेली बाई. आणि भाऊ? भावाचं नाव निघालं की ती नुसतं 'हं' म्हणायची, आणि त्या 'हं'मध्ये भावाचं बालपण, शिक्षण, लग्न आणि टक्कल सगळं येऊन जायचं. खरोखरच पाण्यात पाहिल्यावर जे तिला आवडायचे ते हे दोघेच, थोरली आणि धाकटा.

कवळी पाण्यात गेली ती नाही-आजोबांमुळे. हे आजोबा कशालाही आधी 'नाही' म्हणत आणि मग प्रश्न ऐकत. त्यांच्यासाठी ताईने जीव ओतून कवळी केली होती. दात पांढरेफटक नव्हते; जुन्या माणसाला शोभतील असे, मुळाशी किंचित पिवळट, एक सुळा जरासा वाकडा. अस्सल वाटावी अशी. आजोबांनी ती घातली, जीभ फिरवली, म्हणाले, "नाही." ताईने घासून दिली. "नाही. मोठी आहे." पुन्हा घासली. "नाही. टोचते." शेवटी एका सकाळी आजोबांनी ती तोंडातून काढली, टाकीचं झाकण उचललं आणि 'माशांना घाला!' म्हणून आत सोडून दिली.

ताई चिमटा घेऊन धावली. तोवर थोरलीने कवळीला एक फेरी घातली, दुसरी फेरी घातली, टाळूखाली शिरून शेपटीने वाळू उडवली आणि धाकट्याला आत घेतलं. आजोबांना न बसलेली कवळी माशांना बसली. ताईने चिमटा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामात कोणी तक्रार न करता राहायला आलं होतं.

असं सगळं छान चाललं असतं. पण टाकी जिथे होती ती वेटिंग रूम डॉक्टरांनी नवी करायला काढली.

नवी म्हणजे पांढरी. भिंती पांढऱ्या, सोफा पांढरा, छत पांढरं. डॉक्टरांचा सगळा धंदाच आता पांढऱ्याचा झाला होता. माणूस दाढ दुखते म्हणून यायचा आणि पुढचे दात उजळून जायचा. हातात नमुन्याच्या दातांची पट्टी धरून डॉक्टर पेशंटला सांगायचे, "हा रंग तुमचा आज आहे. हा उद्याचा!" उद्याचा रंग ताईच्या मते बाथरूमच्या फरशीचा होता. पण तिला विचारतो कोण.

"रविवारी उद्घाटनाला माणसं येणार," भावजय टाकीसमोर उभी राहून म्हणाली. "माझे बाबा येणार, यांचे सगळे मित्र येणार. आणि इथे काय, तर कवळी! ताई, तुम्हीच सांगा, शोभतं का?"

"न शोभायला काय झालं? सोफ्यापेक्षा तिचा रंग खरा आहे."

"अहो, ऐकलंत का तुमच्या ताईंचं?"

डॉक्टरांनी ऐकलं होतं, पण ऐकून न ऐकल्यासारखं करायची त्यांना लहानपणापासूनची सवय. "ॲनिमोन आणू या," ते म्हणाले. "या माशांचं खरं घर तेच. समुद्रातलं जिवंत फूल! फुलात मासे डुलतायत आणि समोर पेशंट बसलेत. दुखणं विसरतील."

आता ही गोष्ट ताईच्याही मनात होती. पण तिच्या मनातली चांगली गोष्ट भावाच्या तोंडून बाहेर पडली की तिला ती शिळी वाटायची. "सुचलं का तुम्हाला, डॉक्टरसाहेब?" एवढंच म्हणाली आणि त्यांच्याबरोबर निघाली.

माशांचं दुकान म्हणजे ओल्या फरशीची, निळ्या दिव्यांची, पंपांच्या बुडबुड्यांची एक लांबट खोली. दुकानदाराची उजवी बाही कायम खांद्यापर्यंत वर दुमडलेली आणि कायम ओली.

"क्लाउनसाठी ना? हा बघा." त्याने खडकाच्या फटीत बोट दाखवलं. तिथे मळक्या तपकिरी रंगाचा एक ॲनिमोन पाय आत रोवून बसला होता. टोकांना फुगे आलेली आखूड बोटं, मधलं तोंड घट्ट मिटलेलं. "याला आम्ही फुगेवाला म्हणतो. काटक असतो. टिकेल."

"हा?" डॉक्टर म्हणाले. "हा तर चहा सांडल्यासारखा दिसतोय."

"दिसायला नाही हो साहेब, टिकायला चांगला."

पण साहेबांची नजर केव्हाच पुढे गेली होती. कोपऱ्यातल्या वेगळ्या टबात, निळ्या उजेडाखाली एक पसरट ॲनिमोन होता. बर्फासारखा पांढरा. टोकांना जांभळी झाक, जणू कोणी ब्रश टेकवला असावा.

"वा!" डॉक्टर म्हणाले, आणि तो 'वा' ताईने ओळखला. शुभ्र दातांचा फोटो पाहिला की भाऊ असाच म्हणायचा. "काय स्वच्छ आहे! काय निरोगी!"

"विचारतात फार लोक त्याला," दुकानदार हळूच म्हणाला.

"आणि घेऊन गेल्यावर? परत येऊन विचारतात का?" ताईने विचारलं.

दुकानदाराला एकदम खोकला आला.

ताईने बाही वर केली आणि आधी तपकिऱ्याला बोट लावलं. ओल्या कणकेसारखा तो बोटाला चिकटला, सोडता सोडेना. मग पांढऱ्याला लावलं. भिजल्या सुतासारखी त्याची बोटं बाजूला झाली, धरलं नाही की ओढलं नाही. पाय टबाच्या तळाशी सुटा, तोंड सैल उघडं. ताईला सगळं कळलं. हे प्राणी ज्याच्यावर जगतात ते बारीक शेवाळ त्यांच्या कातडीतच असतं. ते उजेड खातं आणि यांना भरवतं. तोच त्यांचा तपकिरी रंग. तो रंग गेला म्हणजे घरातली चूल विझली. समोरचं हे फूल निरोगी नव्हतं, उपाशी होतं. आणि असं फूल टाकीत मेलं की पाणी नासतं, माशांनाही सोबत नेतं.

हे जसंच्या तसं तिला सांगता आलं असतं. पण समजावून सांगायचं म्हणजे समोरच्याला समजेल असं मानायचं, आणि तेवढी मेहेरबानी ताईने आजवर कोणावर केली नव्हती.

"घ्या की, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "तुमच्या पेशंटसारखाच आहे. तोंड उघडं टाकून पडलाय."

डॉक्टर खो खो हसले. "बघ, तुलाही आवडला!"

"अरे, मरायला टेकलाय तो."

"ताई, तुझ्या मते सगळंच मरायला टेकलेलं असतं. गाडी घेतली तेव्हा म्हणालीस, महिन्यात बसेल. लग्न केलं तेव्हा म्हणालीस, वर्षात निघून जाईल. दोन्ही चालू आहेत की अजून!"

दुकानदारही हसला. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता जिभेवर आलेलं खरं तिने गिळून टाकलं. मनात म्हणाली, घे बाबा, घे. रविवारी चार माणसांत होऊ दे तुझी शोभा. मग कळेल तुला, पांढरं म्हणजे काय ते.

आणि मासे? मासे वेळेवर काढून घेऊ, तिने ठरवलं. मागच्या खोलीत तिने खारं पाणी कालवून बादली भरून ठेवली. सगळा हिशेब चोख. भाऊ तेवढा बुडायचा, बाकी सगळे तरायचे.

पांढरा ॲनिमोन टाकीत आला, कवळी बाहेर गेली. भावजयीने ती दोन बोटांत धरून, तोंड वाकडं करून कुठेतरी नेली. सुताराने टाकीच्या मागची सगळी बटणं पांढऱ्या फळीआड दडवून कुलूप लावलं होतं, का तर तारा दिसायला नकोत. थोरली आणि धाकटा टाकीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले, घरदार गेलेल्या माणसांसारखे. फुलाकडे ढुंकूनही पाहिनात.

"लाजतायत," डॉक्टर म्हणाले.

"हं," ताई म्हणाली, आणि मागे जाऊन चाक सुरू केलं. घरघरीवर ओळी आपोआप आल्या:

*पांढऱ्या गं फुलाला, नाही वास नाही मध*
*भुलला माझा बंधू, त्याला कशाची ना शुद्ध*

"चाल फार गोड आहे गं, ताई," डॉक्टर बाहेरून म्हणाले.

शनिवारी फुलाने टाकीभर फिरायला सुरुवात केली. धरायला जागा शोधत ते खडकावरून घरंगळलं, वाळूत लोळलं, पुन्हा उठलं. डॉक्टर पेशंटना कौतुकाने दाखवत होते, "बघा, चालतंसुद्धा!" ताई दारात उभी राहून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात एक बारीकसं हसू होतं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

रविवारी सकाळी माणसं जमली. दाराला फीत, भावजयीच्या अंगावर सोफ्याशी जुळणारे कपडे, डॉक्टर दाराशी हात जोडून उभे. ताई मागच्या खोलीत चाकाशी बसली होती, तमाशा सुरू व्हायची वाट बघत. फितीखालून वाकून आधी आत शिरले ते नाही-आजोबा.

"माझी कवळी कुठाय?"

"तुम्हीच टाकलीत ना ती पाण्यात? नको होती ना?"

"नाही. म्हणजे हो. पण म्हणून काय झालं? मी रोज बघायला येतो तिला." आजोबा बसले नाहीत. "आणि काय गं, त्या तुझ्या छोट्या माशाला काय झालंय? वर येऊन नुसतं तोंड उघडतोय. माझ्यासारखं."

ताईचा हात चाकावरच थांबला.

ती बाहेर आली. टाकीचं पाणी दुधाळ झालं होतं. ते शुभ्र फूल अर्धं पंपाच्या जाळीत ओढलं गेलं होतं, आणि पंप त्याच्या चिंध्या करून साऱ्या टाकीत उडवत होता. थोरली पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होती. धाकटा तिच्या बाजूला तिरका झाला होता, सरळ व्हायचा, पुन्हा तिरका व्हायचा. ताईने झाकण काढून मासे धरायची जाळी घातली. उडणाऱ्या चिंध्यांत काही दिसेना. पंप बंद करायला हवा होता. बटण फळीमागे, फळीला कुलूप, चावी डॉक्टरांच्या खिशात. एवढ्या चोख हिशेबात ही एक गोष्ट तिने धरलीच नव्हती.

ती दाराकडे धावली. "डॉक्टरसाहेब, चावी द्या!"

"कसली चावी? आधी फीत तर कापू दे."

"तुमच्या फुलाची पंपात कोशिंबीर झालीये."

माणसं हसली. डॉक्टरही हसले. "ही आमची ताई," ते सासऱ्यांना म्हणाले. "हिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. आमच्याकडे कोणीच देत नाही."

तेव्हा ताईला कळलं. इतकी वर्षं ती टोमणे मारत आली आणि भाऊ ते झटकत आला. आता तिच्या तोंडून आग लागल्याची बातमी निघाली तरी हा माणूस तोंड भरून हसणार होता. हे तिनेच त्याला शिकवलं होतं, एकेक शब्द घासून, चकाकी देऊन.

"बारक्या," ती म्हणाली.

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. या नावाने त्यांना आई गेल्यापासून कोणी हाक मारली नव्हती.

"बारक्या, मी तुला दुकानात नीट सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. फूल आजारी होतं. आता पाणी नासलंय आणि मासे मरतायत. मला एकटीला नाही जमणार."

डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वाक्याच्या शेवटी टोमणा येतो, त्याची वाट बघत. "पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही. चल."

फीत तशीच राहिली. डॉक्टरांनी कुलूप काढायला चावी घातली, ती नव्या कुलपात अडली, मग त्यांनी फळीच उपटून काढली. भावजय किंचाळली. पंप थांबला. बाह्या वर करायचं भान राहिलं नाही. नव्या कोटासकट दोन्ही हात पाण्यात गेले. आणि तिथे ताईने एक गोष्ट पाहिली जी तिने इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती, कारण भाऊ काम करत असताना ती नेहमी मागच्या खोलीत असायची. त्याची बोटं जाळीत अडकलेला एकेक धागा असा हलक्या हाताने काढत होती की एकही तुटून पाण्यात जात नव्हता. घाई नाही, ओढाताण नाही. तोंडातून काही उपटून काढावं ते असं, समोरच्याला कळूही न देता.

"बॅटरी धर," तो म्हणाला.

ताईने निमूट बॅटरी धरली.

पांढरा लगदा ताटलीत आला आणि वास सुटला. सासऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. पाहुण्यांतलं कोणी म्हणालं, "दाढ सडल्यासारखा येतोय," आणि पुन्हा हशा झाला. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. ताईने जाळीत दोघांना धरलं. थोरलीने जाळीतूनही डॉक्टरांच्या अंगठ्याचा चावा घेतलाच. मागून आणलेल्या बादलीच्या स्वच्छ पाण्यात धाकटा आडवा पडला. कल्ले हलत होते, पण नुसतेच.

"लपायला काहीतरी हवं," ताई म्हणाली. "उघड्यावर घाबरून मरेल. कवळी कुठे टाकलीत तुम्ही?"

भावजयीने इकडे तिकडे पाहिलं, पर्स उघडली आणि पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली कवळी बाहेर काढली.

"पर्समध्ये?" डॉक्टर म्हणाले.

"मग काय कचऱ्यात टाकायची? कोणी पाहिली तर काय म्हणतील, डॉक्टरांच्या बायकोला कवळी आहे?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं फार होतं. पण कवळी हातात आली होती. ती तिने बादलीत पालथी ठेवली. थोरली टाळूखाली शिरली, बाहेर आली, धाकट्याला डोक्याने ढकलत ढकलत आत घेऊन गेली. नाही-आजोबा गुडघ्यावर हात टेकून बादलीत वाकून बघत होते. बऱ्याच वेळाने आतून केशरी शेपटीचं टोक हललं.

"जगतोय का?" ताईने विचारलं. तिला वाकून बघवत नव्हतं.

"नाही," आजोबा म्हणाले, आणि मग, "म्हणजे हो. जगतोय."

टाकी रिकामी केली, खडक धुतले, नवं पाणी बसू दिलं. ते माशांना मानवेल असं व्हायला बराच काळ गेला; तेव्हा दोघांना कवळीसकट टाकीत सोडलं. मग भाऊबहीण पुन्हा त्याच दुकानात गेले. फुगेवाला त्याच फटीत, त्याच मळक्या रंगात पाय रोवून होता.

"हा चालेल?" डॉक्टरांनी विचारलं. "खरं सांग. टोमणा नको."

ताईने सांगितलं. शेवाळाचं, उजेडाचं, चिकटण्याचं, मिटलेल्या तोंडाचं. डॉक्टर मान हलवत ऐकत राहिले.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुला कळलं असतं का?"

"आता कळलं की."

ताईला घरी येईपर्यंत याचाच राग येत राहिला.

तपकिरी ॲनिमोन खडकाच्या सांदीत बसला. पाय रोवला, बोटं पसरली. ताईने काच पुसली आणि वाट पाहू लागली. तिने डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं की खरं घर दिसलं की मासे कवळी तिथल्या तिथे सोडतील, त्यांना अक्कल असते, माणसांसारखे नसतात ते. डॉक्टर, भावजय आणि नाही-आजोबा पांढऱ्या सोफ्यावर रांगेत बसले होते.

थोरली निघाली. तिच्यामागे धाकटा. फुलापाशी थांबली, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. फुगेवाल्याने एक बोट तिच्याकडे केलं.

"जाते, जाते," ताई पुटपुटली.

"नाही," आजोबा म्हणाले.

थोरली खाली वाळूत गेली, तोंडभर वाळू उचलली, वर आली, ती फुलावर थुंकली आणि वळून कवळीत शिरली. धाकटा तिच्या मागोमाग गेला.